गाडी आपली, किल्ली कंपनीची

नैतिक प्रश्न दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचे प्रश्न तत्त्वज्ञ मंडळी फावल्या वेळात स्वतःच तयार करतात. होडीत पाच माणसं आहेत, होडी चौघांचीच आहे, तर पाण्यात कोणाला ढकलावं? असल्या होडीत बसण्याचा योग मला गेल्या सेहेचाळीस वर्षांत आलेला नाही. आणि आलाच, तर माझं वजन पाहून बाकीचे चौघे फार वेळ चर्चा करतील असं वाटत नाही. दुसऱ्या जातीचे प्रश्न मात्र घरपोच येतात. ते दरपत्रकात छापलेले असतात. न्याय-अन्यायाचा विचार ज्याला खरोखरच करायचा आहे त्याने जाडजूड ग्रंथांच्या वाटेला न जाता एखादं दरपत्रक नीट वाचावं, असं बी. कॉम.पर्यंतचं शिक्षण आणि बावीस वर्षांची कारकुनी यांच्या जोरावर माझं ठाम मत झालेलं आहे.

मी दरपत्रकं आवडीने वाचतो. हॉटेलचं मेनूकार्ड मी उजवीकडून डावीकडे वाचतो हे आमच्या घरात लहानथोर सर्वांना ठाऊक आहे. पण जी वस्तू आपण कधीच घेणार नाही तिचं दरपत्रक वाचण्यात जो निर्भेळ आनंद आहे तो निराळाच. तिथे आकडे कितीही मोठे असले तरी छातीत धडधडत नाही. अशा वाचनासाठी विजेवर चालणाऱ्या महागड्या मोटारीच्या दरपत्रकासारखं दुसरं वाङ्मय नाही.

जुलै २०२५ मध्ये टेस्ला कंपनीने मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आपलं पहिलं दुकान थाटलं, तेव्हा माझ्या भाच्याने तिचे दर मला आणून दिले. भाचा हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे त्याला अशा गोष्टी आधी कळतात. मॉडेल वाय नावाची गाडी. साधी घेतली तर ५९ लाख ८९ हजार. लांब पल्ल्याची घेतली तर ६७ लाख ८९ हजार. पहिली एकदा चार्ज केली की कंपनीच्या हिशेबाने ५०० किलोमीटर जाणार, दुसरी ६२२. मी लगेच भागाकार केला. वरच्या १२२ किलोमीटरसाठी ८ लाख, म्हणजे किलोमीटरला साडेसहा हजार रुपये पडले, आणि यात वीज धरलेली नाही.

पुढे रंग. राखाडी रंग फुकट. पांढरा किंवा काळा हवा तर ९५ हजार जास्त. निळ्याला सव्वा लाख. लाल किंवा चंदेरी हवा तर १ लाख ८५ हजार. आमच्या अख्ख्या फ्लॅटला रंग देणाऱ्याने एवढे मागितले नव्हते, आणि त्याने छतसुद्धा धरलं होतं.

"फुकटचा कोणता म्हणालात?" हिने स्वयंपाकघरातून विचारलं.

"राखाडी."

"मग बरोबर आहे. तुमच्या डोक्यावर आला तोही फुकटच आला."

गाडीने स्वतःच स्वतःला चालवावं अशी इच्छा असेल तर आणखी ६ लाख. दुकान उघडलं तेव्हा ही सोय आपल्या रस्त्यांवर सुरू व्हायची होती; पैसे मात्र आधी भरायचे. पुढे कधीतरी मिळणाऱ्या गोष्टीसाठी आज पैसे घेणं याला आमच्या बँकेत ठेव म्हणतात. पण आम्ही तिच्यावर व्याज देतो.

या रंगांच्या दरातही इतिहास आहे. हेन्री फोर्डची मॉडेल टी ही गाडी १९१४ पासून १९२५ पर्यंत फक्त काळ्या रंगात मिळे. टेस्लाने २०१७ मध्ये मॉडेल ३ विकायला काढली तेव्हा काळा रंग फुकट होता आणि बाकी प्रत्येक रंगाला १ हजार डॉलर जास्त पडत. २०२५ साली मुंबईत बघावं तर काळ्याला ९५ हजार! शंभर वर्षं खालच्या मानेने काम करून शेवटी साहेब झालेल्या कारकुनासारखा हा काळा रंग मला वाटला. मला त्याचा अभिमान आहे.

इथवर सगळा मामला पैशाचा आहे, पापपुण्याचा नाही. मोठी बॅटरी म्हणजे जास्त माल, जास्त मालाला जास्त दाम. मिसळीबरोबर दोन पाव येतात, तिसऱ्याचे पैसे वेगळे पडतात. त्यावर कोणी तत्त्वज्ञान लिहीत नाही. खरी गंमत पुढे आहे.

२०१६ साली याच कंपनीने अमेरिकेत मॉडेल एस ६० नावाची गाडी विकायला आणली. साठ म्हणजे बॅटरीत साठ युनिट वीज मावते म्हणून साठ. पण आत बसवलेली बॅटरी होती पंचाहत्तर युनिटांची! वरच्या पंधरा युनिटांना कुलूप घातलेलं होतं, आणि तेही लोखंडी नव्हे, सॉफ्टवेअरचं. हजारो डॉलर भरले की कंपनी दूर बसल्या बसल्या ते उघडून देई. मेकॅनिक नाही, पाना नाही, गाडी गॅरेजमध्ये न्यायची गरज नाही. जुन्या वाड्यात दोन खोल्या भाड्याने मिळत आणि तिसऱ्या खोलीला मालकाचं कुलूप असे, तसलाच प्रकार. फरक एवढाच की इथे वाडा आपण विकत घेतलेला असतो, आणि त्या बंद खोलीचं ओझं रोज आपण वाहून नेत असतो.

मला हे ऐकून संताप आला. भाच्याला आला नाही.

"मामा, तू साठचे पैसे दिलेस, तुला साठ मिळाले. तक्रार काय?"

"अरे, पण पंचाहत्तर आतच आहेत ना!"

"असू देत की. दोन निराळ्या बॅटऱ्या बनवण्यापेक्षा एकच बनवणं स्वस्त पडतं. म्हणून तर कमी पैशांत गाडी घेणाऱ्याला ती मिळाली. शिवाय कुलूपवाली बॅटरी रोज काठोकाठ भरली तरी तिला त्रास होत नाही, कारण खरा काठ वर राहतो. ती टिकते जास्त."

भाच्याचं म्हणणं खोडून काढायला मी दोन दिवस घेतले आणि खोडता आलं नाही. आधी सांगून, कागदावर लिहून, कमी पैशांत कमी दिलं तर त्यात फसवणूक कुठे आहे? माझ्या शेजारच्या खुर्चीवरचा सहकारी माझ्याएवढ्याच पगारात माझ्या निम्मं काम करतो. त्याची उरलेली निम्मी क्षमता कुलपातच आहे. त्याला कोणी अनैतिक म्हणत नाही. मजेत आहे म्हणतात.

पण मग इतर कंपन्यांनाही ही कल्पना आवडली. २०२२ साली बीएमडब्ल्यूने काही देशांत गाडीच्या सीटा गरम करण्यासाठी महिन्याला सुमारे १८ डॉलर भाडं लावलं. सीटेत तारा आधीच घातलेल्या, बटण आधीच बसवलेलं. भाडं थकलं की सीट गार. (आपल्याकडे मे महिन्यात उन्हात उभी केलेली कोणतीही गाडी ही सोय बारा वाजल्यापासून विनामूल्य देते.) लोक इतके चिडले की २०२३ मध्ये कंपनीने तो नाद सोडला. मर्सिडीजने २०२२ मध्ये अमेरिकेत जाहीर केलं की वर्षाला १,२०० डॉलर भरा, तुमची विजेची गाडी सुटताना सुमारे एक सेकंद लवकर वेग घेईल. घोडबंदर रोडवर राहणाऱ्या माणसाला या एका सेकंदाचा उपयोग काय, असा प्रश्न मी विचारणार नाही. हौसेला मोल नाही म्हणतात; इथे तर ते छापलेलं होतं.

माझ्या मनात आलं, हे काही नवीन दिसत नाही. कॉमर्सची पुस्तकं पुन्हा उघडली. १८४९ साली झ्यूल द्युपुई नावाच्या एका फ्रेंच इंजिनियरने आगगाड्यांबद्दल लिहून ठेवलं आहे. त्या काळी तिसऱ्या वर्गाच्या काही डब्यांना छप्पर नसे. पाऊस, ऊन, इंजिनाची काजळी सगळं डोक्यावर. लोकांना वाटे, कंपनी चिक्कू आहे, छपराचे पैसे वाचवते. द्युपुई म्हणाला, छपराला असा काय मोठा खर्च येतो? कंपनीला गरिबांना भिजवायची हौस नाही. तिला भीती ही आहे की तिसरा वर्ग बरा झाला तर दुसऱ्या वर्गाचे पैसे भरणारा माणूस तिसऱ्यात येऊन बसेल. गरिबाला भिजवायचं ते श्रीमंताला घाबरवण्यासाठी!

ही युक्ती पुढे यंत्रांनीही उचलली. १९९० मध्ये आयबीएमने एक स्वस्तातला छपाईयंत्राचा नमुना काढला. महागडं यंत्र मिनिटाला दहा पानं छापी, हे पाच. यंत्र जवळपास तेच, फक्त याला मध्ये मध्ये उगाच थांबायला शिकवलं होतं. म्हणजे काम हळू व्हावं म्हणून मुद्दाम कष्ट घेतले होते. आमच्या क्षेत्रात ही सोय कोणत्याही खर्चाशिवाय उपलब्ध आहे. अर्थशास्त्रज्ञांनी अशा वस्तूंना 'खराब केलेला माल' असं नावही दिलेलं आहे, आणि १९९६ मध्ये त्यांच्यापैकी दोघांनी असंही दाखवून दिलं की कधी कधी अशा मुद्दाम खराब केलेल्या मालामुळे गरीब, श्रीमंत आणि कंपनी अशा तिघांचंही भलं होऊ शकतं. म्हणजे भाच्याची बाजू अगदीच लंगडी नाही.

पण मग छपराचं काय?

मी रोज लोकलने जातो. पहिल्या वर्गाचा डबा आणि दुसऱ्या वर्गाचा डबा एकाच गाडीला जोडलेले असतात आणि दादरला एकाच मिनिटाला पोचतात. पैसे अनेक पट जास्त भरणाऱ्यालाही दादर आधी मिळत नाही, ही मला आपल्या रेल्वेतली सगळ्यांत मोठी लोकशाही वाटते. उद्या लोकल या सॉफ्टवेअरवाल्यांच्या हाती गेली तर ते काय करतील ते मला स्वच्छ दिसतं. दादर आलं की पहिल्या वर्गाची दारं लगेच उघडतील आणि दुसऱ्याची बारा सेकंदांनी. त्यात कोणाचा काय फायदा? काहीच नाही. बारा सेकंद कोणाच्या खिशात जाणार नाहीत. नुसतं एकाने ताटकळायचं, म्हणजे दुसऱ्याला आपल्या पासाचं चीज झालंसं वाटेल.

इथे मला पहिल्यांदा प्रश्नाचं टोक हाती लागलं. न देणं निराळं आणि असलेलं अडवून धरणं निराळं. पण नुसतं एवढं म्हणूनही भागत नाही, कारण बँकेचं लॉकरसुद्धा अडवूनच धरतं आणि त्याला कोणी पाप म्हणत नाही. मग फरक कुठे आहे?

तो फरक मला एका वादळाने दाखवला. सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाच्या रोखाने 'इर्मा' नावाचं प्रचंड चक्रीवादळ निघालं. लाखो माणसांना घरं सोडून जा म्हणून सांगण्यात आलं. रस्ते गाड्यांनी तुंबले. त्यात कुलूपबंद बॅटऱ्यांच्या गाड्याही होत्या. तेव्हा कंपनीने वादळाच्या वाटेवरच्या या गाड्यांची कुलपं दूर बसून, पैसे न घेता उघडली. गाड्यांना पन्नासेक किलोमीटर जास्त पल्ला मिळाला. १६ सप्टेंबरपर्यंत. मग कुलपं पुन्हा लागली.

आता यात वाईट काय आहे? काहीच नाही. मी कंपनीच्या जागी असतो तर हेच केलं असतं. नसतं केलं तर शाप लागले असते. तरी ती बातमी वाचून माझ्या घशात काहीतरी अडकलं. कारण त्या दिवसापर्यंत तो आकडा होता, साठ आणि पंचाहत्तर. त्या दिवशी कळलं की ती पंधरा युनिटं म्हणजे एखाद्याचं घरच्यांना घेऊन वेळेवर निसटणं होतं. आणि ती सीटेखालीच होती, फक्त परवानगी दुसऱ्या गावात होती. शिवाय वादळ कशाला म्हणायचं हे कोणी ठरवायचं? इर्मा सगळ्यांवर एकदम आलं म्हणून त्याला नाव मिळालं, उपग्रहातून फोटो मिळाला. रात्री दोन वाजता कोणाच्या वडिलांच्या छातीत कळ येते, तेव्हा तेही त्या घरावर आलेलं वादळच असतं. त्याची घोषणा हवामान खातं करत नाही, आणि कुलूपही उघडत नाही.

हे सगळं अमेरिकेतलं, महागड्या गाड्यांचं, म्हणून सोडून दिलं असतं. पण आमच्या शाखेत एक काचेची केबिन आहे. खात्यात मोठी शिल्लक असलेल्या विशेष ग्राहकांसाठी ती आहे. आत दोन सोफे, एसी, पाण्याचा जार. विशेष ग्राहक हल्ली सगळे व्यवहार मोबाइलवर करतात, त्यामुळे त्या सोफ्यांवर बसलेला माणूस मी क्वचितच पाहिला आहे. बाहेर, दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, पेन्शनरांची रांग लागते. बसायला सहा खुर्च्या, उभे पंचवीस. काचेतून त्यांना सोफे दिसतात आणि सोफ्यांना ते दिसतात.

एकदा रांगेतल्या एका आजींना घेरी आली. मॅनेजरसाहेब भले गृहस्थ. ते स्वतः धावले, केबिन उघडली, आजींना सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं, एसी वाढवला. दहा मिनिटांनी आजींना हुशारी आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि उठू लागल्या.

"बसा हो आजी," मी म्हणालो.

"नको बाबा, आता बरं वाटतंय. उगाच तुमची जागा अडवली."

आणि त्या पुन्हा रांगेत आपल्या नंबरावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या मागच्या गृहस्थांनी त्यांची जागा धरून ठेवली होती.

त्यांना उठा असं कोणीही म्हटलं नव्हतं. सोळा सप्टेंबर त्यांनी स्वतःच आणली. मला सर्वांत जास्त लागलं ते हे. कुलूप खूप दिवस लागलेलं असलं की ते दाराला राहत नाही, माणसाच्या मनाला लागतं. आपण घेरी आल्यावरच बसायचं असतं, हे त्या बाईने मान्य करून टाकलं होतं.

आणि या बाबतीत आपल्याकडे एक जुना निकाल लागून गेलेला आहे. रेल्वेचा तिसरा वर्ग १९७४ साली बंद झाला, पण दुसऱ्या वर्गात लाकडी फळ्या राहिल्याच. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले. राजापूरचे खासदार, पेशाने पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांनी त्या फळ्यांवर दोन इंच फोम घालायला सुरुवात केली. फक्त दोन इंच! पहिल्या वर्गाची गादी त्यांनी काढून घेतली नाही, सगळ्यांना एका डब्यात कोंबलं नाही. फळीवर झोपण्याची शिक्षा तेवढी रद्द केली. द्युपुईच्या हिशेबाप्रमाणे पहिल्या वर्गाचे प्रवासी भराभर दुसऱ्यात उतरायला हवे होते. पहिला वर्ग आजही आहे, आणि त्याचं रिझर्व्हेशन आजही मिळत नाही.

तेव्हा माझ्यापुरता मी प्रश्न असा सोडवला आहे. गादी विकावी. जाड गादीचे जास्त पैसे घ्यावेत, लाल रंगाचे १ लाख ८५ हजार घ्यावेत, एका सेकंदाचे वाटेल ते घ्यावेत. देणारा खुशीने देतो. पण कुलूप लावताना एक विचारावं. हे बंद ठेवल्याने कोणाचं काही वाचतं आहे, की नुसतं कोणाचं तरी हाल होणं दुसऱ्याला दाखवायचं आहे? आणि दुसरं, वादळ आलं तर हे आपण फुकट उघडू का? उत्तर 'हो' असेल, तर ती वस्तू चैनीच्या यादीतली नव्हे, गरजेच्या यादीतली आहे. आणि गरजेच्या वस्तूला कुलूप लावणाऱ्याने निदान किल्ली त्या माणसाच्या खिशात ठेवावी. गाडीत एक बटण द्यावं. वर्षातून दोनदा, कारण न विचारता, आपलं वादळ आपण ठरवायचं.

भाचा म्हणाला, "मामा, लोक रोज दाबतील."

दाबतील कदाचित. पण आमच्या शाखेतला अनुभव निराळा आहे. त्या प्रसंगानंतर आम्ही रेकॉर्डरूममध्ये धूळ खात पडलेल्या आठ खुर्च्या पुसून बाहेर आणून ठेवल्या. साहेबांनी पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. एकाही विशेष ग्राहकाने खातं बंद केलं नाही. खुर्च्यांसाठी भांडणंही झाली नाहीत. रांगेतली माणसं एकमेकांना "तुम्ही बसा, मी आताच बसलो होतो" असं म्हणतात. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी फक्त एवढंच विचारलं, की या खुर्च्या कोणत्या सदरात दाखवल्या आहेत. अजून पत्रव्यवहार चालू आहे.

भाच्याच्या मनात आता पुढच्या वर्षी तसलीच एखादी गाडी घ्यायचं आहे. मी त्याला सांगितलं आहे, दुकानात गेलास की रंगाआधी, चाकांआधी एवढं विचार, की आत बसवलेलं पण बंद ठेवलेलं काय काय आहे, आणि रात्री दोन वाजता ते कोण उघडतं. यावर विक्रेता गडबडला तर राखाडी घे. निदान त्याचे तरी पैसे पडत नाहीत.